रॅम बदलली, डिस्क बदलली. दोष एसएमपीएसचा निघाला

गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा डेस्कटॉप. विद्यार्थ्यांसाठी धड्यांचे व्हिडिओ त्या याच संगणकावर रेकॉर्ड करतात आणि यावरच संपादित करतात. तक्रार अशी की व्हिडिओ रेंडरला (संपादनाची अंतिम फाइल बनवायला) लावला की थोड्याच वेळात संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. निळा स्क्रीन येत नाही, एररचा संदेश येत नाही. चालता चालता पडदा काळा होतो आणि विंडोज पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझ्याकडे तो तपासायला आला तेव्हा सोबत एक पिशवीही आली. तिच्यात काढून टाकलेली रॅम, काढून टाकलेली हार्ड डिस्क, डिस्क जोडायच्या दोन साटा केबली आणि यूपीएसची उतरवलेली बॅटरी होती. हे सगळं या एकाच तक्रारीपायी बदललं गेलं होतं आणि तक्रार जागच्या जागी होती. आता मदरबोर्ड बदलायचं घाटत होतं.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, म्हणजेच सप्लाय. स्वस्त एसएमपीएस वापरण्यातला धोका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धूर, ठिणगी, फटाक्यासारखा आवाज येतो. तसं घडतंही. पण त्याहून जास्त वेळा तो सप्लाय चालू राहतो, पंखा फिरत राहतो, आणि त्याचा दोष दुसऱ्याच भागांच्या नावावर लागत जातो. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून ते तपशिलात मांडतो.

संगणकाची मांडणी साधी होती. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एसएसडी, रेकॉर्डिंग साठवायला ३.५ इंची हार्ड डिस्क. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच, वर ठळक आकड्यांत ५०० वॅट छापलेलं. पहिलं वर्षभर वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं आणि काही कुरकुरही नव्हती. पुढे रेंडरिंग लवकर व्हावं म्हणून साधारण १२० वॅट घेणारं कार्ड बसवलं गेलं. त्या कार्डाला सहा पिनांची वेगळी वायर लागते. या सप्लायला ती नव्हतीच, म्हणून हार्ड डिस्कच्याच वायरीवरच्या मोलेक्स पिनेला अडॅप्टर जोडून कार्डाला वीज दिली गेली.

खरं तर इथेच थांबून विचार व्हायला हवा होता. ५०० वॅटचा म्हणवणाऱ्या सप्लायला ग्राफिक्स कार्डाची एकही वायर नसावी, हीच त्याच्या कुवतीबद्दलची पहिली कबुली होती.

संशयितांची रांग

आधी विंडोजवर संशय गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर रीस्टार्टला कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद होत होती. या नोंदीचा अर्थ एवढाच की संगणक नीट शटडाउन न होता बंद पडला. का पडला हे ती सांगत नाही. तरी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं गेलं. त्यानंतरचे काही दिवस शांततेत गेले, कारण त्या दिवसांत व्हिडिओचं काम झालंच नव्हतं. मग पुन्हा तेच.

मग रॅम. रात्रभर मेमटेस्ट चालवली तर एकही चूक नाही. मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामं बसलेलं असतं आणि सप्लायवर पूर्ण भार येत नाही, त्यामुळे चाचणी पास होणारच होती. तरी खात्रीसाठी रॅम बदलली. मग यूपीएस. वीज क्षणभर गेली तरी यूपीएस असूनही संगणक बंद व्हायचा, म्हणून बॅटरी बदलली. त्याने काही फरक पडला नाही.

शेवटी हार्ड डिस्क. ती मधूनच टक् असा आवाज करायची, विंडोजमधून नाहीशी व्हायची आणि परत दिसायची. एकदा रेंडर चालू असताना संगणक पडला आणि त्या डिस्कवरचं फोल्डर उघडेनासं झालं. आवाज करणारी, गायब होणारी, डेटा घालवणारी डिस्क कुणालाही मेलेलीच वाटेल. आधीच्या तंत्रज्ञाने केबल बदलून पाहिली आणि मग डिस्क बदलली. त्यात त्याची चूक काढावी असं मला वाटत नाही. समोर दिसणारी लक्षणं सगळी डिस्ककडेच बोट दाखवत होती. पण नवी डिस्कही महिनाभरात तसाच आवाज करू लागली.

डिस्कने दिलेली साक्ष

पिशवीतली जुनी डिस्क मी आधी दुसऱ्या संगणकाला जोडून तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, वाचली. खरोखर मरायला टेकलेल्या डिस्कवर खराब सेक्टरांचे (डेटा साठवायच्या बारीक कप्प्यांचे) आकडे वाढलेले दिसतात. इथे बदललेले सेक्टर शून्य आणि बदलायच्या रांगेतलेही शून्य. पृष्ठभाग धडधाकट. मात्र १९२ क्रमांकाची नोंद शेकड्यांत गेली होती. वीज अचानक तुटल्यामुळे डिस्कला आपलं वाचन-लेखनाचं डोकं घाईने मागे घ्यावं लागलं की हा आकडा वाढतो. टक् असा जो आवाज यायचा तो याच घाईचा.

त्याच संगणकातली एसएसडी पाहिली. तिच्यावर वीज चालू-बंद झाल्याचा आकडा रोजच्या वापराला साजेसा होता. म्हणजे एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच सप्लायवर, डिस्कला शेकडो वेळा वीज गेल्यासारखं वाटत होतं आणि एसएसडीला तसं काहीच जाणवत नव्हतं.

यातून दोन गोष्टी हाती आल्या. हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, साटा एसएसडीला ५ व्होल्ट पुरतात. सप्लाय प्रत्येक व्होल्टेज वेगळ्या ओळीने देतो. तेव्हा खड्डा १२ व्होल्टच्या ओळीत पडत होता. आणि डिस्क ज्या वायरीवर होती त्याच वायरीवर ग्राफिक्स कार्डाचा अडॅप्टर होता. तेव्हा कार्ड जोरात चाललं की डिस्क उपाशी राहत होती. मदरबोर्डाला हात लावायची गरज उरली नाही. असा संशय असेल तेव्हा डिस्क फेकण्याआधी या नोंदी वाचाव्यात, असं मी कळकळीने सांगेन. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर त्या मिनिटभरात दाखवतं.

लेबलावरची बेरीज

सप्लायच्या बाजूचं लेबल वाचायला घेतलं. त्यावर प्रत्येक ओळीचा करंट दिलेला असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट. ५ व्होल्टला २६ अँपिअर, म्हणजे १३० वॅट. ३.३ व्होल्टला २४ अँपिअर, म्हणजे साधारण ७९ वॅट. उणे १२ व्होल्टचे ६ आणि स्टँडबायचे १०. सगळं मिळून ३९३. वर छापलेल्या ५०० ला त्याच लेबलावरच्या आकड्यांचाही आधार नव्हता.

तरी मला त्या बेरजेपेक्षा पहिल्या ओळीची चिंता जास्त होती. ५ आणि ३.३ व्होल्ट भरपूर देणारी ही रचना जुन्या काळची आहे, जेव्हा प्रोसेसरसुद्धा ५ व्होल्टच्या ओळीतून वीज घ्यायचा. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टमधून घेतात. मदरबोर्डावरचं आणि कार्डावरचं सर्किट ते उतरवून स्वतःला हवं तेवढं करतं. त्यामुळे आजच्या संगणकासाठी सप्लायची खरी ताकद म्हणजे १२ व्होल्टचे अँपिअर. बाकीच्या ओळींचे वॅट कागदावर कितीही मोठे असले तरी ते प्रोसेसरच्या कामी येत नाहीत.

आता मागणी पाहू. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर सगळे कोअर पळवताना ८०-९० वॅटपर्यंत जातो. कार्डाचे १२०. पंखे, डिस्कची मोटर वगैरे धरून दहा-पंधरा. १२ व्होल्टच्या एका ओळीवर सव्वादोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १९ अँपिअर. लेबल स्वतःच १४ म्हणत होतं. शिवाय अशा लेबलावरचा १४ हा आकडा अखंड चालण्याचा आहे की क्षणभराचा, आणि किती तापमानाला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मोजमाप

बाईंनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "पंखा फिरतोय, दिवा लागतोय, बायोसमध्ये १२ व्होल्ट बरोबर दिसतायत, मग सप्लाय खराब कसा म्हणायचा?"

बायोसच्या पडद्यावर संगणक काहीच काम करत नसतो. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड झोपेत असतं, प्रोसेसर निवांत असतो. तिथे १२ व्होल्ट दिसणं म्हणजे सप्लायला अजून परीक्षेला बसवलेलंच नाही. हिरवी वायर काळीला जोडून सप्लाय सुरू होतो का पाहण्याची जी पद्धत सगळीकडे चालते, तिचीही तीच मर्यादा. ती सप्लाय पूर्ण मेलाय की नाही एवढंच सांगते.

एटीएक्स या डेस्कटॉप सप्लायच्या मापदंडाप्रमाणे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींना अधिक-उणे ५ टक्क्यांची मुभा आहे. १२ व्होल्टची ओळ ११.४० ते १२.६० मध्ये राहायला हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. रिकाम्या अवस्थेत मल्टिमीटरवर दोन्ही ओळी मर्यादेत होत्या. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांवर एकाच वेळी भार टाकला. मोलेक्स पिनेवर १२ व्होल्टची ओळ घसरत ११.२ वर आली. अडॅप्टरच्या बारीक वायरींच्या पलीकडे, कार्डाच्या तोंडाशी, ती ११ च्याही खाली होती. आणि त्याच वेळी ५ व्होल्टची ओळ वर चढून ५.४ झाली.

एक ओळ खाली जाताना दुसरी वर का जाते, हे या प्रकरणात समजून घेण्यासारखं आहे. स्वस्त रचनेत १२ आणि ५ या दोन्ही ओळी एकाच नियंत्रकाखाली आणि एकाच चोकमधून (तारेच्या कॉइलमधून) जातात. तो नियंत्रक दोन्ही ओळींची मिळून सरासरी पाहतो आणि तेवढीच जागेवर ठेवतो. भार सगळा १२ वर आणि ५ वर जवळजवळ काहीच नसेल, तर १२ खचते, नियंत्रक सरासरी सावरायला जोर वाढवतो, आणि तो जोर मोकळ्या असलेल्या ५ व्होल्टच्या ओळीवर चढतो. तराजूचं एक पारडं दाबलं की दुसरं उचललं जातं तसं. जुन्या संगणकात भार दोन्हीकडे वाटलेला असायचा, म्हणून हे खपून जायचं. आजच्या संगणकात भार नेमका एकाच पारड्यात पडतो.

५.४ व्होल्ट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण एसएसडी, हार्ड डिस्कचा सर्किट बोर्ड, यूएसबीला जोडलेली उपकरणं ही सगळी या ओळीवर असतात आणि त्यांच्या समोर मदरबोर्डासारखा पहारेकरी नसतो. प्रोसेसरला मदरबोर्डावरचं सर्किट काही प्रमाणात सांभाळून घेतं. ५ व्होल्टवरच्या भागांना जे येईल ते सोसावं लागतं. या संगणकाचा पुढचा एक यूएसबी पोर्ट आधीच बंद पडला होता. तो या सप्लायमुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण संशयाला जागा नक्की आहे.

मल्टिमीटरला दिसत नाही अशी एक गोष्ट ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसली. डीसी पुरवठा सरळ रेषेसारखा हवा; प्रत्यक्षात त्यावर बारीक, झपाट्याने होणारी थरथर असते. तिलाच रिपल म्हणतात. मापदंडात १२ व्होल्टसाठी तिची कमाल मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, ५ आणि ३.३ साठी ५० मिलिव्होल्ट. इथे पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या ओळीवर ३०० च्या वर आणि ५ व्होल्टवर शंभराच्या वर थरथर होती. ती गाळण्याचं काम मग मदरबोर्डावरच्या आणि ग्राफिक्स कार्डावरच्या कपॅसिटरांना करावं लागतं. त्यात ते तापतात, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. दीडदोन वर्षांनी मदरबोर्ड गेला असता, तेव्हा सप्लायची आठवणही कुणाला झाली नसती.

सर्वांत गंभीर गोष्ट राखाडी वायरीवर सापडली. सप्लाय मदरबोर्डाला या वायरीवरून "वीज ठीक आहे" असा संकेत देत असतो. पुरवठा तुटणार असेल तर व्होल्टेज मर्यादेबाहेर जाण्याच्या किमान १ मिलिसेकंद आधी हा संकेत मागे घ्यायचा, असा नियम आहे. तेवढा अवधी मिळाला तर संगणक सगळ्या भागांना रीसेट करून अर्धवट लेखन थांबवू शकतो. या सप्लायमध्ये क्रम उलटा होता. १२ व्होल्टची ओळ आधी कोसळायची आणि संकेत मागाहून पडायचा. मधल्या काळात डिस्क खचत्या व्होल्टेजवर लिहीत असायची. त्या दिवशी फोल्डर उघडेनासं झालं त्याचं सर्वांत पटण्याजोगं कारण मला हेच वाटतं.

यूपीएसचं कोडंही याच टेबलावर सुटलं. मुख्य वीज तुटल्यावर सप्लायने निदान १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरावा अशी अपेक्षा असते. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, ते अंतर या साठ्याने भरून निघतं. इथला साठा भाराखाली त्याच्या निम्म्यापर्यंतही पुरत नव्हता. यूपीएस आपलं काम वेळेत करत होता. संगणक तोवर पडलेला असायचा.

आत काय होतं

इथे एक इशारा आधी. एसएमपीएस घरी उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहतात. साठा उतरलाय हे मोजून पाहिल्याशिवाय आत बोट घालणं जिवावर बेतू शकतं.

उघडल्यावर पहिली नजर इनपुटकडे गेली. मुख्य विजेतला गोंधळ आत येऊ नये आणि सप्लायचा गोंधळ बाहेर जाऊ नये म्हणून तिथे कॉइल आणि कपॅसिटरांची गाळणी असते. बोर्डावर त्यांच्या जागा छापलेल्या होत्या, क्रमांकही होते. कॉइलच्या जागी मात्र सरळ वायरचे तुकडे डागलेले आणि कपॅसिटरच्या जागा मोकळ्या. विजेचा उसळता झटका शोषून घेणारा व्हॅरिस्टर नव्हता. रचनाकाराने आराखड्यात या गोष्टी ठेवल्या होत्या. कुणीतरी नंतर त्या वगळल्या. हे पाहताना मला राग येतो, कारण ग्राहकाला हे कधीच दिसणार नाही हे वगळणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

त्याहून काळजीचा भाग सुरक्षिततेचा. मुख्य वीज आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये जे कपॅसिटर जोडतात ते खास प्रमाणित असावे लागतात, कारण ते बिघडले तर शॉर्ट न होता तुटले पाहिजेत. इथे त्या जागी कसलीही प्रमाणनाची खूण नसलेले साधे सिरॅमिक कपॅसिटर होते. त्यातला एक शॉर्ट झाला आणि भिंतीतलं अर्थिंग धड नसेल, तर संगणकाच्या पत्र्यावर मुख्य वीज येऊ शकते. रीस्टार्ट, डिस्क, व्हिडिओ हे सगळं त्यापुढे गौण आहे.

बाकीचं अपेक्षेप्रमाणे होतं. हीटसिंक पातळ पत्र्याचे. आउटपुटचे कपॅसिटर ८५ अंशांचे, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात, आणि त्यातल्या दोघांची डोकी फुगलेली. चांगल्या सप्लायमध्ये १०५ अंशांचे असतात. नियंत्रण जुन्या पठडीच्या चिपवर, आणि १२ व्होल्टच्या ओळीवर जादा करंट गेला तर थांबवणारं संरक्षण नव्हतंच. म्हणूनच १४ अँपिअरच्या ओळीतून १९ ओढले जात असतानाही तो मुकाट्याने देत राहिला. ही व्यवस्था असती तर कार्ड बसवलं त्याच दिवशी सप्लाय बंद पडला असता, आणि दोष कुणाचा हे तेव्हाच कळलं असतं.

जांभळ्या वायरीवरची ५ व्होल्टची स्टँडबाय ओळ या सप्लायमध्ये अजून शाबूत होती. तरी तिच्याबद्दल सांगायला हवं. संगणक बंद असतानाही, मागचं बटण बंद करेपर्यंत किंवा प्लग काढेपर्यंत, ही ओळ चालूच असते. स्वस्त सप्लायमध्ये ती दोन ट्रान्झिस्टरच्या साध्या सर्किटवर चालते, आणि त्यातला एक छोटा कपॅसिटर सुकला की व्होल्टेज बेलगाम वाढू शकतं. रात्री व्यवस्थित बंद केलेला संगणक सकाळी सुरूच होत नाही आणि मदरबोर्ड गेल्याचं कळतं, त्यातल्या काही प्रकरणांच्या मुळाशी हे असतं.

बदल आणि त्यानंतर

नवा सप्लाय निवडताना वॅटचा आकडा उलट खाली आणला. ४५० वॅटचा, पण त्यातले ४३२ एकट्या १२ व्होल्टच्या ओळीवर, म्हणजे ३६ अँपिअर. ५ आणि ३.३ व्होल्ट या रचनेत १२ मधूनच वेगळ्या सर्किटने तयार होतात, त्यामुळे ओळी एकमेकींना ओढत नाहीत. ग्राफिक्स कार्डासाठी स्वतःची वायर आहे, अडॅप्टर निघाला. तोच भार, तीच मोजणी पुन्हा केली. १२ व्होल्टची ओळ १२ च्या आसपास हलली नाही, ५ ची ५.०२ वर राहिली, रिपल ४० मिलिव्होल्टच्या आत. रात्रभर रेंडर चालला आणि संगणक उभा राहिला.

या सप्लायवर ८० प्लसची खूण आहे, पण तिच्यावर विसंबून मी तो निवडला नव्हता. २००४ पासून चालत आलेली ही खूण कार्यक्षमतेची आहे. मूळ पातळीवर २०, ५० आणि १०० टक्के भारावर ओढलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोचली पाहिजे. चाचणी साधारण २३ अंश तापमानाला होते, आणि बंद कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच गरम असतं. रिपल, संरक्षण, तग धरण्याचा काळ यांबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. शिवाय तिच्यासारखी दिसणारी मनाची चित्रं छापलेले सप्लायही बाजारात असतात. माझा क्रम असा असतो. आधी १२ व्होल्टचे अँपिअर, मग कोणकोणती संरक्षणं आहेत ते, मग मोजणीची उपकरणं लावून केलेली त्या नेमक्या मॉडेलची सविस्तर तपासणी, आणि खूण त्यानंतर. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकाला प्रामाणिक ३०० वॅटही भरपूर होतात. मोठा आकडा पाहून घेतलेल्या खोट्या ५०० पेक्षा ते कितीतरी बरे.

आणखी एक अडॅप्टर कॅबिनेटमधून मी न विचारता काढून टाकला. डीव्हीडी ड्राइव्हसाठी मोलेक्स ते साटा असा साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा तुकडा होता. अशा ओतीव तुकड्यांमध्ये आत वायरी एकमेकींच्या अगदी जवळ येऊन शॉर्ट होण्याची आणि प्लॅस्टिक पेटण्याची उदाहरणं बरीच आहेत. सप्लाय चांगला असला तरी हा तुकडा आत नको.

पिशवीतली रॅम परत बसवून पूर्ण भारावर चालवली, ती निर्दोष निघाली. जुनी डिस्क अख्खी वाचून पाहिली, तीही वाचली गेली. पण इतके झटके सोसलेल्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवू नये असं मी बाईंना सांगितलं. ती आता दुसऱ्या प्रतीसाठी वापरात आहे. बिघडलेल्या फोल्डरसाठी आधी डीडीरेस्क्यूने डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर केले. बहुतेक धडे परत मिळाले. ज्या धड्याचं रेंडर चालू असताना संगणक पडला होता त्याच्या मूळ फायली मात्र अर्ध्यावर कापल्या गेल्या होत्या, आणि तो धडा त्यांना पुन्हा शिकवून पुन्हा रेकॉर्ड करावा लागला. बदललेल्या सगळ्या भागांपेक्षा ही झळ मोठी होती.

फुगलेले दोन कपॅसिटर बदलून जुना सप्लाय दुसऱ्या एखाद्या हलक्या संगणकाला चालेल का, असं बाईंनी शेवटी विचारलं. एरवी भाग वाचवण्याकडे माझा कल असतो, पण इथे मी नाही म्हणालो. कपॅसिटर बदलून रिपल कमी झाली असती. इनपुटची गाळणी आली नसती, पत्र्याकडे जाणारे ते सिरॅमिक कपॅसिटर प्रमाणित झाले नसते, जादा करंटचं संरक्षण नव्याने उगवलं नसतं आणि राखाडी वायरीवरचा संकेत वेळेवर आला नसता. हे सगळं घालायचं तर बोर्डच नवा लागतो. कुणी उचलून दुसऱ्या संगणकाला लावू नये म्हणून त्याची चोवीस पिनांची केबल कापली आणि तो ई-कचऱ्यात दिला.